इंदूबाईच्या नाकातला खडा

इंदूबाईच्या नाकात कधीच हिरा नव्हता.

आज पहाटे वरोऱ्याला ती वारली. माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात.

तिला ओळखणाऱ्यांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचा. मग मला काय बोलायचं ते बोला.

छप्पन-सत्तावनची गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोली मिळून चांदा जिल्हा तेव्हा एकच होता. आमचे बाबा आरमोरीला लाकडं कापायच्या आरामशीनवर मुनीम होते, आणि त्यांना दगडांचं वेड होतं. आता त्याला हॉबी म्हणतात. तेव्हा येडेपणा म्हणायचे.

सुट्टी मिळाली की सायकल काढून वैरागडकडच्या नाल्यात जायचे, आणि धोतराच्या सोग्यात गोटे बांधून आणायचे. लाल, दुधी, पट्ट्यापट्ट्यांचे.

आई म्हणायची, "भाजीची पिशवी रिकामी, अन् गोटे पहा कितीक!"

आरामशीनवर करवतींना धार लावायची साण झिजली की फेकून देत. बाबांनी तसली एक घरी आणून लाकडी घोडीवर बसवली. काडीच्या टोकाला लाख वितळवून त्यात गोटा चिकटवायचा आणि साणेवर धरायचा. मी दांडा फिरवायचे, इंदूबाई वरून पाणी सोडायची. शेवटी चामड्यावर धानाच्या कोंड्याची राख घेऊन घासत बसायचं, हात भरून येईपर्यंत. गोटा वाळल्यावरही ओला दिसायला लागला की बाबा खूश.

गाव त्यांना गोटेमुनीम म्हणायचं. तोंडावर.

मग इंदूबाईचं लग्न ठरलं. वरोऱ्याच्या कापसाच्या अडत्याकडे, मोठ्या घरात.

त्या उन्हाळ्यात बाबांनी पाण्यासारखी स्वच्छ एक गारगोटी घेतली, तिला पैलू पाडले, आणि सोनाराकडून कोंदणात बसवून नाकातला खडा करून घेतला.

इंदूबाईच्या हातावर ठेवताना म्हणाले, "गारगोटीच आहे बेटा. पण माह्या हातची आहे."

मांडवात इवाईंनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, तो खडा पाहिला.

"हिरा हाय काय जी?"

बाबा म्हणाले, "वैरागडचा आहे."

एवढंच.

वैरागडला जुन्या काळी हिऱ्याच्या खाणी होत्या, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. पुढचं इवाईंनी स्वतःच जोडून घेतलं आणि मांडवभर सांगत सुटले. लोक येऊन बाबांना हात जोडायला लागले. गोटेमुनीम म्हणून हसणारेच ते लोक. बाबांचा चेहरा असा फुललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

ते गप्प राहिले. आईही गप्प. मीही.

दिवाळीत बिंग फुटलं. इवाईंना धाकट्या मुलीसाठी तसाच खडा करायचा होता, म्हणून त्यांनी तो वरोऱ्याच्या सोनाराला दाखवला. सोनार हसला.

बाबांना बोलावणं आलं. मी सोबत गेले होते.

भरल्या बैठकीत इवाई कडाडले, "फसवलं काऊन आमाले?"

बाबा खाली मान घालून उभे. इंदूबाईचा नवरा, आमचे भाऊजी, स्वभावाने चांगले, पण वडिलांपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती.

तेवढ्यात इंदूबाई आतून आली. डोक्यावर पदर.

"बाबांनी मले गारगोटी म्हनूनच देल्ली होती, मामाजी. म्याच सांगतलं नाई. चूक माही हाय."

मला वाटलं, आता तरी बाबा बोलतील. पोरीची काय चूक, मांडवात मीच गप्प राहिलो, असं म्हणतील.

बाबा बोलले नाहीत.

खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं. बाबा सुटले म्हणून. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

इवाईंची पंचाईत निराळीच होती. सगळ्या बाजारात ते हिरा हिरा करून बसलेले. त्यांनी फर्मान काढलं, घराबाहेर तो हिराच. सुनेनं नाकातून काढायचा नाही.

मग काय! चारचौघांत ती हिरेवाली सून, आणि चुलीपाशी गारगोटी. "ए गारगोटी, पानी आन." सासू गेली तेव्हा कुठे ती हाक थांबली.

बाबांनी साण पुन्हा लावली नाही. नाल्याकाठी चालताना सवयीने वाकायचे, आणि रिकाम्या हाताने सरळ व्हायचे. वरोऱ्याला लेकीकडे ते परत गेलेच नाहीत.

तिला वाटायचं, बाबा रागावले.

मी म्हणायचे, "रागावले नाईत वं बाई. लाजले."

भाऊजी गेल्यावर एकदा मी तिला म्हटलं, "काढून टाक नं तो खडा. आता कोन विचारते?"

"काऊन काढू? बाबांनी माह्यासाठी घासला तो. लोकायनं हिरा म्हटलं, त्यात त्याचा काय दोष?"

तरी पोरांना तिने कधी काही सांगितलं नाही. दोन्ही घरांची अब्रू सांभाळत राहिली.

आज तिला शेवटची आंघोळ घालताना तिची सून म्हणाली, "मावशी, आईंचा हिरा काढून ठेवू का? वैरागडचा आहे म्हणे. ओरिजिनल."

खोली बायकांनी भरलेली. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. मांडवात बाबांकडे होतं, तसंच.

"गारगोटी हाय ते," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "माह्या बाबांनी घरी घासलेली. इंदूबाईनं कोनाले फसवलं नाई. फसवलं आमी."

सुनेनं हात मागे घेतला.

मग तिनेच ओल्या फडक्याने तो खडा पुसला आणि तसाच राहू दिला.

इंदूबाई, बाबांची खाली गेलेली मान तू जन्मभर आपल्या खांद्यावर वागवलीस. आता सगळ्यांना सांगून झालं.

उजळ माथ्याने जा.

तुझी धाकटी