दाराजवळची चटई

“काकू, येऊ का?”

दार सताड उघडं असायचं, मी समोर बसलेली असायची, तरी ती उंबऱ्याबाहेर थांबून विचारायचीच. एक हात चौकटीवर, चप्पल अर्धी काढलेली. मी म्हणायची, “नाही म्हटलं तर जाणारेस का?” ती हसायची, पण “ये” म्हणेपर्यंत पाय आत टाकायची नाही. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, हक्काच्या जागीही बिचकणारी.

आमच्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं होती. पैठणकडची, शेतकऱ्याघरची, चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला. वय तेवीस. नाव नाही सांगत.

मी लोणची घालून ओळखीत विकते. सुट्टीला ती कैऱ्या फोडायला बसायची. फोडी अशा एकसारख्या की मी विचारलं, “कंपनीत कैऱ्याच फोडता काय गं?”

“नाय काकू. नट तपासते. त्याच्यापरीस कैरी बरी, वास तरी येतो.”

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. पाळीत लांब बसायचं, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, नाहीतर लोणचं नासतं म्हणे. सासूबाईंनी घालून दिलेली, मी फार विचार न करता चालवलेली. त्या दिवसांत ती “काकू, आज मी लांब” म्हणून दाराजवळच्या चटईवर बसायची. मी ताट तिथंच सरकवायची.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती ओळीनं तीन महिने अशी लांब बसली. तिसऱ्यांदा ताटातलं काहीच खाल्लं नव्हतं. उचलायला वाकले तर तिनं माझं मनगट धरलं.

“काकू, खोटं बोलले. तीन महिने झाले, मला आलीच नाय.”

“मग इथं का बसत होतीस?”

“नाय बसले असते तर तुम्ही मोजलं असतं.”

खरं होतं ते. मी मोजलंच असतं. त्या रीतीच्या भरवशावर मी निर्धास्त राहिले आणि ही पोर माझ्यापासून चार हातांवर एकटी भीत बसली.

ज्याच्यापासून दिवस गेले तो कंपनीतलाच होता. आधी फोन उचलेना, मग नंबरच बंद. मी विचारलं, “घरी कळलं तर वडील मारतील का?” म्हणाली, “बाबा काहीच बोलणार नाय. त्याचंच भ्या वाटतंय.”

पुढचे चार दिवस आम्ही दोघी फाटकाची कडी वाजली तरी दचकायचो. आईचा फोन आला की ती आधी दोन घोट पाणी प्यायची, आवाज नीट राहावा म्हणून.

मग मी एक चूक केली. चितेगावला माझी भाची आहे, लग्नाला अकरा वर्षं, मूल नाही. मी म्हटलं, “बाळ होऊ दे. भाचीच्या ओटीत घालू. कुणाला कळायचं नाही.” मला तर अगदी देवानंच सुचवल्यासारखं वाटलं.

तिनं चटईची सुटलेली काडी ओढून काढली. मग म्हणाली, “दर दिवाळीला तुमची भाची मूल घेऊन इथं येईल. तेव्हा मी कुठं उभी राहू, काकू?”

भाचीला लावायला घेतलेला फोन मी खाली ठेवला.

डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मी पुढं सरसावून म्हटलं, “मला हिची मावशीच समजा. सही कुठं करू?” बाई म्हणाल्या, “ती सज्ञान आहे. सही तिची, निर्णय तिचा. घरी आम्ही कुणाला कळवत नाही.” मला आधी राग आला, मग बरं वाटलं.

त्यांनी तिलाच समजावलं. गर्भपात अजून कायद्यात बसतो, पण दिवस जातील तसं अवघड होत जातं. मूल द्यायचं तर असं परस्पर कुणाच्या ओटीत घालता येत नाही. सरकारमान्य संस्थेमार्फत द्यायचं, आणि दिल्यावरही साठ दिवस विचार बदलता येतो. स्वतः वाढवायचं म्हटलं तर तोही रस्ता आहे.

तिनं दोनच प्रश्न विचारले. “दुखंल का?” आणि “दिलं तर मोठं झाल्यावर मला शोधंल का?” बाईंनी घाई न करता दोन्हींची उत्तरं दिली.

बाहेर येऊन ती लिंबाखाली उभी राहिली. “दोन्हीकडं भ्याच हाय, काकू. पण सहा महिने पोटात वागवायचं आन मग दुसऱ्याच्या हातात द्यायचं, माझ्यानं व्हायचं नाय. ज्यांच्यानं होतं त्यांचं काळीज मोठं.” थोड्या वेळानं म्हणाली, “तुमच्या भाचीचं वाईट वाटतंय.”

“भाचीचं मी बघते. तू पाणी पी.”

ठरल्या दिवशी मी दवाखान्यातल्या बाकावर बसले. आतल्या दाराशी ती थांबली. एक हात चौकटीवर, चप्पल अर्धी काढलेली.

“सिस्टर, येऊ का?”

इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली आली. “काकू, आज खरंच मी लांब,” म्हणून चटईवर बसली. मी उठले, बरणी आणली, तोंडावरचं दादऱ्याचं फडकं सोडलं आणि तिच्यापुढं ठेवली.

“तू वाढ.”

“काकू, नासंल.”

“नासू दे.”

तिनं हात घातला. फोडीबरोबर तेल चटईभर सांडलं. मग आम्ही दोघी तिथंच, चटईवर, वरणभात जेवलो. लोणचं नासलं नाही. आणि नासलं असतं तर काय झालं असतं?

दिवाळीनंतर तिला पुण्याकडं काम लागलं. निघायच्या सकाळी ती न विचारता आत आली. सरळ स्वयंपाकघरात गेली, डब्यात लोणचं काढून घेतलं, बरणीला दादरा बांधला, वाकून नमस्कार केला. मी काही बोलायच्या आत रिक्षा वळलीसुद्धा.

आत आले तर दाराजवळची चटई तिनं गुंडाळून भिंतीला उभी करून ठेवली होती. ती मी पुन्हा अंथरली नाही.