अर्धी खाच

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीखाली धारवाला आला, की तापलेल्या लोखंडाच्या वासासरशी मी मोहने गावातल्या सासरच्या चाळीत पोचते.

तेव्हा मी नवी सून. खंडेनवमीच्या पूजेसाठी सासऱ्यांचा फौजेतला सुरा काढला, तर पात्याला मोठी खाच. म्हटलं, दारावरच्या धारवाल्याकडून घासून घेऊ, बाबा खूश होतील. चाकावर ठिणग्या उडाल्या आणि बाबा अनवाणीच धावत आले.

"थांबव आधी ते!"

खाच अर्धी उरलेली. ते अंगठ्याने चाचपत राहिले.

"उलटलेल्या ट्रकचं दार या सुऱ्याने उचकटून दोस्ताने मला बाहेर ढकललेलं," ते म्हणाले. "तो आतच राहिला."

मला ओरडले नाहीत. पूजेत कुंकू मात्र त्यांनी खाचेलाच लावलं.

आता ते मी लावते.