स्टाफच्या ग्रुपवर

आमची वहिनी शाळेत संगणक शिकवते, आणि तिचा जीव कशात, तर इंटरनेटवर कसं वागायचं त्या तासात. पासवर्ड मैत्रिणीलाही सांगायचा नाही, अनोळखी माणूस गोड बोलायला लागला की ब्लॉक करायचं, कोणाचा वाईट फोटो आला तर पुढे ढकलायचा नाही. घरी सराव माझ्यावर. मी मशीनवर गणवेश शिवत बसलेली आणि ही विचारणार, "ताई, समजा तुम्हाला लॉटरी लागल्याचा मेसेज आला?" मी म्हणायचे, लागली तर तुला कळूच देणार नाही. मग दोघी हसायचो.

तर त्या तासानंतर सातवीतली एक मुलगी तिच्यापाशी रेंगाळली. वर्गातल्या एका कार्ट्याने तिचा चेहरा भलत्याच बाईच्या अंगावर चिकटवून तिलाच पाठवला होता. बाकीचं मी तोंडाने बोलणार नाही. ती वहिनीला म्हणाली, बाई, तुम्ही बघा, पण अजून कोणी बघायला नको. वहिनीने तिला समजावलं की मुलाला आवरायचं तर मुख्याध्यापकांच्या कानावर घालावं लागेल, फक्त त्यांच्या. पोरीने मान डोलावली.

वहिनीने तोंडीच सांगितलं, फोटो दाखवला नाही. साहेबांनी त्या मुलाला बोलावलं, झापलं, फोन काढून घेतला. इथवर माणूस बरा वागला म्हणायचा. पण मग त्या फोनवरून त्यांनी फोटो स्वतःला पाठवला आणि तिथून स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, माहितीसाठी, सर्व शिक्षकांनी लक्ष ठेवावे. पुढे हात जोडलेलं चित्र. वहिनी तासाला फोन नेत नाही, त्यामुळे तिला पत्ताच नाही.

मला कळलं ते माझ्या शिवणाच्या दुकानात. गणिताच्या सरांची बायको ड्रेसचं माप द्यायला आली होती. मी खांद्याचं माप घेत होते, आणि बाईसाहेबांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. म्हणे, आजकालच्या मुली बघा. चेहरा मी ओळखला, तिचा स्कर्ट मीच शिवलाय. मुलीचं काय चुकलं, असं विचारलं तर म्हणाली, काहीतरी केलं असेल, उगाच कोण कशाला असं करेल. मी टेप गुंडाळली आणि तिला दुसरा शिंपी बघायला सांगितलं. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. असल्या बाईच्या अंगाला हात लावायचीही किळस येते मला.

मी तडक शाळेत जाऊन वहिनीला सांगितलं, ती तशीच साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, ग्रुपवरून काढला की आता, अजून काय करू? ही शिकलेली माणसं! वहिनीने सगळ्या शिक्षकांसाठी वेगळा तास घेतला होता, तेव्हा याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ज्या पोरांना ही शहाणं करायला निघाली होती, त्यातल्या एकानेही तो फोटो पुढे पाठवला नव्हता. गावभर केला तो मोठ्यांनी, काळजीच्या नावाखाली. थू.

संध्याकाळपर्यंत तो मुलीच्या मावशीच्या फोनवर पोचला, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीने शाळा सोडली. बाप म्हणत होता, घरीच बसू दे आता. तेव्हा वहिनी तिच्या घरी निघाली. एकटीने जायची हिंमत होईना, म्हणून मी बरोबर गेले.

मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. वहिनीने काही लपवलं नाही. मी साहेबांना सांगितलं म्हणून हे झालं, म्हणाली, आणि रडली. मुलगी रडली नाही. तिने शांतपणे विचारलं, "कोणत्या सरांनी आणि कोणत्या बाईंनी तो बघितला नाही, तेवढं सांगा. त्यांच्या तासाला मी येईन."

वहिनी एकेक चेहरा आठवत बसली. शेवटी म्हणाली, संगीताच्या बाई. त्यांचा फोन साधा आहे, त्यावर फोटो येतच नाहीत.

"बरं," मुलगी म्हणाली. "त्यांचा तास शनिवारी असतो."