कडेचा पाव इंच

माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुस्तकाच्या पानाच्या मापावरून मी नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला, हे जरा अतीच झालं, असं आता वाटतं.

काकूची पंच्याहत्तरी होती. काकू गुहागरची. आमच्या गावात तेव्हा हायस्कूल नव्हतं, म्हणून पाचवी ते दहावी मी तिच्याकडे राहिले. काका बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघीच. माझ्या वेण्या तिने घातल्या, गणिताच्या वह्या तिने तपासल्या, आणि खोटं बोलले तेव्हा पाठीत धपाटेही तिनेच घातले. मी आठवीत असताना काका गेला. त्यानंतर ती कुणाच्या दारात गेली नाही, आणि मलाही तिने परत पाठवलं नाही.

तर तिला साडी द्यायची नाही, फोटोंचं पुस्तक करायचं, असं मी जाहीर करून टाकलं. गणपतीत आमचं सगळं गोत गुहागरला जमतं, मुंबईची मंडळी येतात, आणि दुपारच्या आरतीनंतर अंगणात ओळीने उभं राहून एक फोटो निघतो. असे चाळीस वर्षांचे चाळीस फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये होते. जुने कागदावरचे मी कधीच स्कॅन करून ठेवले होते.

फोटोबुकचं सॉफ्टवेअर उघडलं तर त्याचा पहिलाच प्रश्न: पानाचं माप काय? आठ बाय आठ चौकोनी, बारा बाय बारा चौकोनी, ए-फोर उभं, की बारा बाय आठ आडवं? नवरा मागे उभा राहून चहा पीत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"आडवं घे," तो म्हणाला. "ओळीतले फोटो आडवेच असतात."

"तिचं मनगट दुखतं. बारा इंची पुस्तक उघडलं की दोन फूट होतं. धरायचं कसं तिने?"

"टेबलावर ठेवेल."

"ती कधी टेबलाशी बसून काही बघते का? झोपाळ्यावर बसते ती."

"मग झोपाळ्याचं माप घेऊन ये आणि मग ठरव."

झालं. इथून अबोला.

मी आठ बाय आठ चौकोनी घेतलं. हलकं, सुबक, मांडीवर मावणारं. सॉफ्टवेअरही मोठं गुणी. फोटो टाकले की ते आपले आपणच पानभर बसवतं आणि जास्तीचं कापून टाकतं. कुठे मोकळी जागा नाही, कुठे वेडंवाकडं नाही. प्रत्येक पानावर मी साल घातलं, खाली दोन-दोन ओळी लिहिल्या, कोपऱ्यात जास्वंदीची फुलं चिकटवली. चाळीस पानं झाली तेव्हा स्वतःवरच इतकी खूश होते की नवऱ्याशी आपण होऊन बोलले.

इथे रत्नागिरीत मारुती मंदिरापासून थोडं आत एक स्टुडिओवाले आहेत. लग्नाचे अल्बम करतात. साठी उलटलेले गृहस्थ, नवऱ्याच्या ओळखीचे, म्हणून मला वहिनी म्हणतात. शनिवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळी पानं आधी साध्या कागदावर छापून माझ्यापुढे ठेवली.

"काम झकास केलंत, वहिनी. आता कव्हरवर त्यांचाच एक फोटो मोठा घेऊ. यातल्या त्या कुठल्या?"

"ही काय," म्हणत मी बोट पुढे नेलं आणि ते तसंच राहिलं. त्या पानावर काकू नव्हती. मी पुढचं पान घेतलं. त्यावरही नव्हती. तिसरं, चौथं, दहावं. दात काढून हसणारा चुलतभाऊ प्रत्येक पानावर होता. शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा तीन ठिकाणी होता. चाळीस पानं मी दोनदा उलटली. काकूच्या पुस्तकात काकू नव्हती.

"फोटो त्या काढत असतील," स्टुडिओवाले जपून म्हणाले.

"तिला फोन घेता येतो, फोटो काढता येत नाही!" मी खेकसले. बिचारे हळूच म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत फाइल दिलीत तर गुरुवारी पुस्तक देतो. त्याच्या पुढे गेलं तर माझा नाइलाज आहे." कार्यक्रम शुक्रवारी होता.

रिक्षात बसले आणि मनात आलं, खरंच ती कुठल्याच फोटोत नसेल तर? आरतीनंतर ती आत पानं वाढत असेल, मोदक बघत असेल, आणि आम्ही चाळीस वर्षं तिच्याशिवायच ओळीत उभे राहून हसत असू, तर? मला आठवेचना. जिने मला सहा वर्षं सांभाळलं ती फोटोत असायची की नसायची, हे मला आठवत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

घरी आले ती चपला न काढताच लॅपटॉपशी बसले. नवऱ्याने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता शेजारी खुर्ची ओढली. मूळ फोटो उघडला. ओळीच्या उजव्या टोकाला, अगदी शेवटी, पदर सावरत काकू उभी होती. पुढचा उघडला. उजवं टोक, काकू. त्याच्या पुढचा. काकू! माझा जीव भांड्यात पडला. मी हसत होते आणि रडतही होते. चाळीसच्या चाळीस फोटोंत ती होती. मूळ फोटो आडवे, माझी पानं चौकोनी. फोटो पानात बसवताना सॉफ्टवेअरने दोन्ही टोकं कापली होती, आणि एका टोकाला दरवेळी काकूच होती.

"मी म्हटलं होतं, आडवं घे," नवरा म्हणाला. पण चहा झाल्यावर म्हणाला, तेवढी माणुसकी त्याने दाखवली. मला तर त्या घडीला तो काहीही बोलला असता तरी चाललं असतं.

सॉफ्टवेअरला शिव्या घालून मात्र भागणार नव्हतं. काकू टोकाला का, हे मला ठाऊक होतं. काका जाऊन वर्ष झालं त्या गणपतीत मुंबईच्या एका चुलतभावाने पहिल्यांदा कॅमेरा आणला. सगळे उभे राहिले. काकू मधे, माझ्या शेजारी. तेव्हा घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "मधे सवाष्णींना राहू दे. तू त्या टोकाला हो." काकू गेली. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. चौदा वर्षांची होते, फोटो निघणार म्हणून हरखले होते. त्या बाई जाऊन आता पंचवीस वर्षं झाली. असलं काही आम्ही कुणी मानत नाही, विचारलंत तर तावातावाने भाषण देऊ. पण काकू आपणहून टोकाला जाते आणि आम्ही जाऊ देतो. गेली वीस वर्षं तर फोटो मीच काढते. "काकू, अजून जरा सरक," हे माझंच वाक्य आहे, आणि शनिवारी रिक्षात तेही मला आठवलं नव्हतं.

रविवारी सकाळपासून बसून सगळी पानं पुन्हा केली. बारा बाय आठ, आडवी. आडवे फोटो आडव्या पानावर काय निवांत बसले! दुपारी स्टुडिओवाल्यांना फोन करून आनंदाने सांगितलं तर ते म्हणाले, "छान केलंत. पण फोटो पानाच्या कडेपर्यंत नेला नाहीत ना? बांधणी झाली की कडेचा पाव इंच कटिंगला जातो. टोकाचं माणूस असेल तर त्याचा खांदा गेलाच समजा."

मी कपाळावर हात मारला. सगळे फोटो कडेपर्यंतच नेले होते, पानभर दिसायची हौस ना! पुन्हा एकेक फोटो लहान करून चारही बाजूंनी अर्धा इंच पांढरी जागा सोडली. जास्वंदी काढून टाकल्या, त्यांना आता जागा उरली नव्हती. शेवटी मी पानं पुढे सरकवत गेले आणि नवरा प्रत्येक पानाचं उजवं टोक बघून मोठ्याने सांगत गेला, "आहे. आहे. पूर्ण आहे. आहे." चाळीस वेळा. पुस्तक वजनाला जड होऊ नये म्हणून कागद पातळ घ्यायचं ठरलं. संध्याकाळी फाइल पोचवली, आणि हुश्श करून आम्ही दोघं बंदरावर भेळ खायला गेलो. किती तरी दिवसांनी मी कुणाशीही न भांडता इतका वेळ बसले होते.

गुरुवारी पुस्तक खरंच हातात आलं. शुक्रवारी सकाळी जयगडहून फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरून गुहागरला गेलो. पुस्तक मी मांडीवरच ठेवलं होतं, गाडीच्या डिकीवर माझा विश्वास नव्हता.

ओवाळून झालं आणि काकूपुढे पुस्तक ठेवलं. सगळे तिच्या डोक्यावरून वाकून आपापली तोंडं शोधायला लागले. कुणाचे केस तेव्हा किती होते, कुणाची पँट किती पायघोळ होती, यावर हशा पिकला. काकू पान उलटायची, बोट उजव्या टोकाशी न्यायची, थांबायची आणि पुढचं पान. मंडळी जेवायला आत गेली तरी ती उठली नाही. मी शेजारी जाऊन बसले.

"अगो, ही मी ना?"

"मग कोण?"

"सगळ्यांत आहे?"

"सगळ्यांत आहेस, काकू. एकेक पान तपासलंय."

ती त्या फोटोतल्या स्वतःकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, टोकाचं माणूस फोटोत येतच नाही. भिंतीवरच्या फ्रेमांत मी नाही. तुमच्या त्या मोबाइलवरच्या ग्रुपच्या गोलातही नाही. म्हटलं, नसेल येत."

मी विचारलं, "मग दरवर्षी येऊन उभी कशाला राहायचीस?"

"तुम्ही हाक मारायचात ना गो," ती म्हणाली आणि तिने पुढचं पान उलटलं.