मायचा पेरा

फोन वाजला तेव्हा माझे हात बोंबलांनी बरबटलेले होते. भास्करच्या बायकोचं, सुनंदाचं नाव दिसलं म्हणून कसाबसा उचलला, तर ती एवढंच म्हणाली, "नलूताई, भास्कर गेले." मी तिच्यावरच खेकसले, "काहीतरी काय बोलतेस अगं!" बिचारीचा काय दोष... पण त्याच आठवड्यात मी घाटकोपरला त्यांच्या घरी जाऊन आले होते. भास्कर खिडकीच्या ग्रिलपाशी बसला होता, चहावर साय धरली तरी हात लावला नव्हता. गावाकडून पुतण्याने पाठवलेला फोटो त्याने माझ्यापुढे धरला. रानात लोखंडी खांबांच्या रांगा. "नलू, वाट लागली गं. सोलरवाल्यांनी कुंपण घातलं. मायचं रान गेलं." "बीपीची गोळी घेतलीस का?" असं काहीतरी विचारलं मी.

भास्कर आणि मी एकाच सरकारी कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना नोकरी काढली. काम असं की राज्यातली कुठली जमीन कशाखाली आहे त्याचे तक्ते करायचे. वन किती, कुरण किती, न पेरता राहिलेली पड किती, आणि पेरलेली किती. मी मुलुंडची, भात डब्यात येतो यापलीकडे शेतीशी माझा संबंध नाही. मला ते सगळे आकडे सारखेच. भास्कर मात्र पेरणीचा रकाना आला की चष्मा पुसून घ्यायचा. "पूजा मांडलीस का रे?" म्हणून मी चिडवायचे, तर म्हणायचा, "गप बस. तुझ्या डब्यातला भात याच रकान्यातून येतो."

मोठमोठे लोक सभांमधून सांगायचे, देशाची पेरणीखालची जमीन वर्षानुवर्षं जवळपास तिथल्या तिथे आहे, थोडीफार घसरली असेल, काळजी नको. भास्करच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "रेघ सरळ दिसते ना, म्हणून सगळे निवांत झोपलेत! अगं, मरोळला भात पिकायचा, तिथे आता गाळे आहेत. शहराकडेची कसदार जमीन सिमेंटखाली जाते, तिकडे कुठेतरी माळ फोडून कुणीतरी पेरतो, आणि बेरीज तीच राहते. चांगली गेली, हलकी आली. आणि खाणारी तोंडं वाढतायत, ती कुठे दिसतात त्या रेघेत?" आम्ही बाकीचे घड्याळाकडे बघत असायचो.

माळ फोडणारं ते 'कुणीतरी' म्हणजे त्याचे आईवडील, हे मला फार उशिरा कळलं. मराठवाड्यातलं बौद्ध कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेलं. गावच्या गायरानाचा एक दगडाळ तुकडा दोघांनी हाताने वेचून साफ केला आणि ज्वारी पेरली. पिकं उधळली गेली, मार खाल्ला, पुन्हा पेरली. त्याच ज्वारीवर भास्कर शिकला, मुंबईला आला. पण कागदावर ते कुरणच. गुरं चारायची जागा! नोकरी लागल्यावर मायने त्याला विचारलं होतं, "तू समद्या देशाचं रान मोजतोस म्हनं. माझा पेरा कुठं लिवलास?" हे सांगताना तो हसला होता. तसलं हसू कुणाच्या वाट्याला येऊ नये.

माय गेली त्या वर्षी याने जो उद्योग केला तो आमच्यासारख्या तक्तेवाल्यालाच सुचावा. जिल्ह्याच्या बेरजेत, कुरणातून काढून पेरणीच्या रकान्यात, त्याने मायची दोन एकरं गुपचूप सरकवली. नोकरी जाईल म्हणून आठवडाभर धड जेवला नाही. मग छापील तक्ता आला. आमचे आकडे शंभर हेक्टरांच्या मापात छापतात, त्याखालचं सगळं गोळाबेरजेत जातं. आकडा जसा होता तसाच! कुणी पकडलं नाही, कारण पकडायला काही उरलंच नव्हतं. कँटीनमध्ये तक्ता पुढ्यात टाकून म्हणाला, "बघ नलू, माय कुठे दिसतेय का?" आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला. भर दुपारी, सगळ्यांसमोर.

निवृत्त झाल्यावर त्याने एकच ध्यास घेतला, ती जमीन कागदावर पेरलेली म्हणून लागली पाहिजे. पुतण्या दरवर्षी पेरायचा, हा तालुक्याला खेटे घालायचा. "साहेब, उद्या या." उद्या गेलं की साहेब रजेवर. येताना मायच्या रानातली माती गोणीत भरून आणायचा आणि ग्रिलमधल्या रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ज्वारी पेरायचा. कणसं कबुतरं खायची. सुनंदा म्हणायची, "एवढा खटाटोप पाखरांसाठी?" तर म्हणे, "खाऊ दे. पेरा चुकता कामा नये." शेवटी सरकारदरबारी उत्तर मिळालं ते असं, की कुरण मोकळंच आहे, प्रकल्पाला द्यायला हरकत नाही. मोकळं! उभी ज्वारी होती तिथे... माझा अजून संताप होतो.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या दिवसकार्याला गेले तेव्हा बुद्धवंदना झाल्यावर सुनंदाने मला खिडकीशी नेलं. सोसायटीची डागडुजी निघालीय, ग्रिल रिकामं करायला सांगितलंय. "माझ्याने ही माती कचऱ्यात टाकवत नाही, ताई. त्या रानातली आता एवढीच राहिलीय." सगळ्या बादल्या कुठे ठेवणार? एक मी रिक्षात मांडीवर धरून मुलुंडला आणली. बाकीच्यांचं काय झालं, ते तिला विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

माझ्या गॅलरीसमोर नवा टॉवर उभा राहिलाय. ऊन येतच नाही. तरी सुनंदाने पुडीत दिलेले दाणे मी पेरले. उगवले हो, पण पिवळट, दोऱ्यासारखे. आठवड्याभरात माना टाकून आडवे झाले. पुन्हा पेरले, पुन्हा तेच. पुडी संपली. आता बादलीत नुसती माती आहे आणि मी वेड्यासारखी रोज सकाळी तिला पाणी घालते. इतकी वर्षं तक्ते केले, पण रकाना तू सांगायचास आणि मी भरायचे... भास्कर, सांग ना रे, हिला पेरलेली म्हणू की पड?