गोजरबाई सल्ला मागते

कळसच्या गोजरबाईला काही विचारावं लागायचंच नाही. प्रश्न तोंडातून निघायच्या आत उत्तर हजर. तुम्ही नुसते कमरेवर हात ठेवून तिच्या दारावरून जा, की ओसरीवरून आवाज आलाच म्हणून समजा, "कंबर धरली व्हय? एरंडाचं पान गरम करून बांध. आन् त्या लोखंडी खाटंवर निजू नगंस, मागंच सांगितलं हुतं." मागं सांगितलेलं असो नसो, ती असं म्हणायचीच.

घरामागं तिचं परडं होतं. वांगी, शेवगा, लिंबू, कढीपत्ता, काय म्हणाल ते. कुणाचा कढीपत्ता वाढत नसला तर ही बया आपल्या घरचं आंबट ताक घेऊन त्यांच्या दारात हजर, आणि बुंध्यात ओतून होईपर्यंत तिथून हलायची नाही. परड्यात काही नवं निघालं की पहिला वानवळा शेजारीपाजारी. वांगी गेली की त्याच भांड्यातून कुणाचा खरवस यायचा, कुणाच्या शेंगा यायच्या, नाहीच काही तर चिमूटभर साखर. वानवळ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिकडची रीत; म्हणून काही भांडी वर्षवर्ष तिकडंच राहायची. गोजरबाईच्या भांड्याबरोबर मात्र सल्ला फुकट जायचा, आणि त्याची परतफेड तिला चालायची नाही. तिला सल्ला देणाऱ्याची काही धडगत नसे, मग तो डॉक्टर का असेना.

तर अशा या बाईवर एकदा सल्ला मागायची पाळी आली.

साल शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार. तिचा एकुलता एक लेक दीपक बारामतीला एमआयडीसीतल्या कंपनीत लागलेला. एका रविवारी तो स्कूटर घेऊन आला आणि चहा संपायच्या आत म्हणाला, "आई, आता हितं एकटी ऱ्हाऊ नगंस. घराला कुलूप लाव आन् चल कायमची. दसरा झाला की न्यायला येतो." म्हणाला, आणि गेला सुद्धा.

गोजरबाईच्या डोक्याचा भुगा झाला. जावं तर हे परडं, ही माणसं, गेलेल्या मालकाच्या हातचं हे घर. न जावं तर उद्या अंथरुणाला खिळल्यावर पाणी कोण देणार? आणि खरी भीती निराळीच होती. सून. सुप्रिया काही वाईट नव्हती हो, दर उन्हाळ्यात आठ दिवस येऊन राहायची सुद्धा, पण तिच्या तोंडाला कायम कुलूप. भाताला पाणी कमी घाल, "बरं आत्या." ओल्या केसांनी निजू नगंस, "बरं आत्या." भांडणारी सून परवडली म्हणायची, हिच्या पोटात काय चाललंय ते देवाला ठाऊक. आपण तिला हव्या आहोत की नको आहोत, तेच गोजरबाईला कळत नव्हतं.

शेवटी ती शेजारच्या शकुबाईकडं गेली. शकुबाई डाळ पाखडत होती.

"शके, मला एक सांग बरं," गोजरबाई म्हणाली.

शकुबाईचा सूप धरलेला हात जागीच थांबला. "बरं वाटत न्हाय का तुला?"

गोजरबाईनं सगळं सांगितलं. शकुबाई चटकन म्हणाली, "मग जा की! तूच न्हवतीस का माझ्या नणंदंला म्हणाली, लेकाकडं जायचं तर हातपाय चालत्यात तवरच जावं? कामाला येतीया तवर म्हातारीची किंमत. थकल्यावर गेलं की अडगळ हुती."

बोलणं रास्त होतं. गोजरबाईला तर फारच रास्त वाटलं. जायचं असं ठरवून ती घरी निघाली, तर वाटेत प्रयागबाई भेटली. प्रयागबाईचा लेक पुण्याला, आणि ही इथं एकटीच.

"अजिबात जाऊ नगंस," प्रयागबाई म्हणाली. "तूच मला सांगितलंस न्हवं का, हातपाय चालत्यात तवर आपल्या चुलीपसनं उठू नये म्हणून? लेकाच्या घरी आई म्हंजी पाव्हणी. तुझं ऐकून तर मी न्हाय गेले पुण्याला."

गोजरबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. प्रयागबाई सकाळीच दोन भाकरी थापायची, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. "चुकलं का गं माझं?" गोजरबाई म्हणाली.

"ते तूच सांग," प्रयागबाई म्हणाली, आणि गेली आपली.

आता आली का पंचाईत! गिरणीत विचारलं, डेअरीवर विचारलं, बाजाराच्या वाटेवर विचारलं. जिथं जावं तिथं तिचंच बोलणं तिच्यापुढं. निम्मी म्हणत जा, निम्मी म्हणत राहा, आणि प्रत्येकीला ते सांगितलेलं कुणी, तर गोजरबाईनं. एक ना धड, भाराभर चिंध्या. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण जनाकडं तिच्याच बोलण्याखेरीज दुसरं काही नव्हतंच आणि मनात तर नुसता गोंधळ. करायचं काय, कपाळ?

त्यात भांडी यायला लागली.

झालं असं, की एवढी विचारतेय म्हटल्यावर गावानं धरलंच, गोजरबाई चालली. आणि चाललेल्या माणसाचं वानवळ्याचं भांडं आपल्या घरात अडकवून ठेवायचं म्हणजे शेजारधर्माला बट्टा. म्हणून जिच्या-जिच्याकडं तिची वाटी, तिचा डबा, तिची ताटली होती, ती-ती घासूनपुसून, भरून घेऊन आली. शेंगदाणे आले, हरभऱ्याची डाळ आली, राजगिऱ्याचे लाडू आले. दोन दिवसांत ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि गोजरबाईनं त्यातून काय अर्थ काढावा? तर गावाला आपण नकोशा झालो! मागून मागून जी भांडी वर्षवर्ष परत आली नव्हती, ती कशी बघा लखलखीत होऊन येतायत! ती त्या भांड्यांच्या मध्ये बसून रडली. शेवटी शकुबाई मोठं पातेलं घेऊन आली, तेव्हा ती कडाडलीच, "एवढी घाई झाली व्हय गं तुला?"

"अगं बाई, तूच तर जातीया म्हणून विचारत हुतीस!"

"विचारलं! जाते म्हणाले का मी?"

शकुबाईलाही राग आला. तिनं पातेलं ओसरीवर आदळलं आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं डाळ-लाडू पिशवीत भरले आणि बारामतीची एसटी धरली. गावानं वाटेला लावल्यावर राहायचं कुणासाठी? लेकाला सांगून टाकायचं, आजच येते म्हणून. पण दीपक ड्यूटीवर गेलेला. घरात एकटी सुप्रिया. तिनं पाणी दिलं, चहाचा कप हातात दिला आणि दाराशी उभी राहिली. गोजरबाईला राहवेना.

"सुप्रिया, मी हितं कायमची ऱ्हायला येऊ का?"

"बरं आत्या."

"अगं बरं काय, बरं! विचारतीया मी तुला. सांगत न्हाय."

असं सासूनं तिला कधी विचारलंच नव्हतं. सुप्रियानं मान खाली घातली. मग म्हणाली, "नका येऊ."

कप तसाच खाली ठेवून गोजरबाईनं पिशवी उचलली. गावाला नको, सुनेला नको. मग जायचं तरी कुठं?

सुप्रियानं पुढं होऊन पिशवी धरली. ती रडत होती. "मला आई न्हाय, आत्या. पिंपळीला भाऊ हाय, पण वहिनी दारात उभी करत न्हाय. मे महिन्यात बिल्डिंगमधल्या सगळ्या माहेराला जात्यात. मी ह्यांना म्हणते, आत्या एकट्या हायेत, आठ दिवस जाऊन येते. तुमच्यासाठी न्हाय ओ येत. मलाच यायचं असतं. तुमी ओसरीवरनं ओरडता न्हवं, उन्हातनं आलीस, आधी गूळ खा, मग पाणी पी, तसं मला दुसरं कोण म्हणतं? तुमी हितं आलात तर मी कुठं जायचं?"

गोजरबाईनं पिशवी सोडली. ही पोर दर उन्हाळ्याला येते ती सासूवर नजर ठेवायला, अशीच तिची इतकी वर्षं समजूत होती.

"आन् मी थकल्यावर गं?" तिनं हळूच विचारलं.

"तवा न्यायला मी येईन. तवा तुमाला विचारणार न्हाय."

गोजरबाईनं पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"मे महिन्याची वाट बघू नगंस," ती म्हणाली. "दिवाळीचा पाडवा झाला की ये. लेकी येत्यात तशी."