लाल दोऱ्याचे दोन टाके

"उलटं करून बघा, गुरुजी. वरून तर सगळंच चांगलं दिसतं."

कोणतेही वस्त्र ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी शिवणघरातली ताई ते उलटे करी, शिवण तळहातावर पसरी आणि मगच पुढे करी. आपण दुकानात रंग पाहतो, पोत पाहतो, फार तर किंमत विचारतो. शिवण पाहण्याची सवय आपल्यापैकी किती जणांना असते? मला तरी नव्हती.

आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत तिचे शिवणघर होते. कामाचे आमिष दाखवून परमुलखात विकल्या गेलेल्या आणि पुढे सुटून आलेल्या पाच-सहा स्त्रिया तिथे कुडते, झबली, पिशव्या शिवत. दारावर तसे काही लिहिलेले मात्र नव्हते. "पाटी लावली की लोक कापड नाय बघत, बायांची तोंडं बघतात," असे ती म्हणे.

मी प्रथम गेलो तो उपरण्यासाठी. पूजेला शिवलेले वस्त्र चालत नाही, हे मी सहज बोलून गेलो.

"म्हणजे तुमच्या देवाला आमच्या शिलाईचं वावडंच म्हणा की!"

आतून बायकांचे हसणे ऐकू आले. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या मला गोमुखी आठवली. जपमाळ धरलेला हात झाकणारी ती पिशवी शिवलेलीच असते.

"हात झाकून जप? देवापासून लपवता व्हय?"

"देवापासून नव्हे, ताई. लोकांपासून. किती जप झाला हे मिरवू नये म्हणून."

"हे पटलं," असे म्हणून तिने मापासाठी माझा हात मागितला. चार दिवसांनी गोमुखी तयार झाली. तिला बाहेरून एक छोटा खिसाही होता. "मोबाईलला बी जागा ठेवली," ती अभिमानाने म्हणाली. तो खिसा मी आजवर वापरलेला नाही, आणि उसवलेलाही नाही.

एकदा खादी घेण्यासाठी मी तिच्यासोबत शहागंजच्या बाजारात गेलो. एका दुकानाबाहेर स्वस्त कुडत्यांचा ढीग होता. तिने एक कुडता उचलला, सवयीने उलटा केला आणि दुकानदाराला विचारले, "भाईजान, ये किसने सिया?"

"मशीनने सिया, आपा. और कौन सियेगा?"

"मशीनला चाय कौन पिलाता? घर कौन छोडता उसको?"

दुकानदार हसला. "लेना नहीं तो बोल दो ना आपा, मशीन का खानदान कायको पूछते!"

तीही हसली, पण कुडता परत घडी करूनच ठेवला. वाटेत म्हणाली, "त्यो वाईट माणूस नाय. त्यालाबी कुणी सांगितलं नसणार. पण गुरुजी, कुणीतरी विचारायला पाहिजे ना?"

तिची आणखी एक खोड अनेकांना खटके. कोणी काहीही विकत घेतले की ती विचारी, "हे कुठं जाणार?" जवळच्या फुलंब्रीला जाणारा कुडता ती मुकाट्याने बांधून देई. कोणी दिल्ली किंवा लखनऊ म्हटले की तिचा चेहरा उजळे आणि ती तो कपडा पुन्हा आत नेऊन काहीतरी तपासून आणी. मला ही भोळी हौस वाटे. आपले काम दूर जावे असे कोणाला वाटत नाही?

मागच्या वर्षी आम्ही अकरा जणांनी काशीयात्रेचे ठरवले. सर्वांसाठी गोमुख्या मी तिच्याकडेच सांगितल्या. काशी म्हणताच तिने ते काम दुसऱ्या कोणाकडे दिले नाही. आठ दिवस स्वतः बसून अकराही गोमुख्या शिवल्या.

घरी आणल्यावर मी त्या उलट्या करून पाहिल्या. तिनेच तर शिकवले होते. प्रत्येकीच्या तोंडाशी, आतून, लाल दोऱ्याचे दोन टाके होते. पांढऱ्या कापडावर ते मला राहून गेलेल्या कच्च्या दोऱ्यासारखे दिसले. जप करताना ते बोटालाही लागले असते. तिला ओशाळे वाटू नये म्हणून मी सुई घेतली आणि अकरा गोमुख्यांतले टाके एकेक करून उसवले. ते काम मी सेवाभावाने केले, हे सांगताना आज लाज वाटते.

काशीहून परतल्यावर प्रसाद द्यायला गेलो. "ताई, दोन-दोन टाके राहिले होते. मी काढून टाकले. कोणाला कळलेही नाही," मी म्हणालो.

तिचा हात मशीनच्या चाकावर थांबला.

"अकराच्या अकरा?"

"अकराही."

मग तिने जे सांगितले ते असे. कन्नड गावाजवळच्या खेड्यात आई या दोघी बहिणींना एकाच कापडाची झबली शिवी. ओळखू यावीत म्हणून गळ्याशी आतून थोरलीच्या, म्हणजे हिच्या, झबल्याला एक लाल टाका, धाकटीच्या झबल्याला दोन. धाकटी सोळा वर्षांची झाली तेव्हा आठवडी बाजारात भेटणाऱ्या एका ओळखीच्या बाईने तिला नेले. "शिलाईचं काम हाय म्हणली, गुरुजी. कारखान्यात. उत्तरेकडं नेलं एवढंच पुढं कळलं."

"म्हणून तुम्ही शिवणकाम..."

"तिला जे सांगून नेलं, ते काम कुठंतरी खरं असायला नको का? आली तर बसंल ना इथं." आणि टाके कशासाठी, हे मी विचारले. "कुठल्या गावात, कुणाच्या अंगावरचं कापड तिच्या धुण्यात आलं, हाताखाली आलं, तर तिला कळंल. आईशिवाय ही खूण आम्हा दोघींनाच ठाव."

मी क्षमा मागितली. तिने डोळे पुसले. "तुम्हाला काय माहीत, गुरुजी? मीच सांगायला हवं होतं." आणि मग, मलाच धीर देत असल्यासारखी म्हणाली, "काशीत परत कोण जाणार असलं तर सांगा."

त्यानंतर प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक परिचिताच्या हाती मी तिथली एखादी तरी पिशवी देऊ लागलो. गेल्या दिवाळीनंतर कुठल्याशा संस्थेतून तिला फोन आला. एका मुलीला सोडवले आहे, ओळख पटवायला या. सकाळच्या गाडीने ती निघाली. ती मुलगी दुसरीच कोणी निघाली. पण आता इतक्या लांब आलेच आहे तर पुढच्या शहरात पाहून येते, असे तिने शिवणघरात कळवले. मग आणखी पुढच्या. मागच्या महिन्यापासून तिचा फोन लागत नाही. आतल्या बायका काम चालवतात. मी जातो, काहीतरी घेतो, तिची बातमी न विचारता परततो.

काही दिवसांपूर्वी धाकटीसाठी जपाचा संकल्प करावा म्हणून हातात पाणी घेतले आणि थांबलो. ज्याच्यासाठी जप करायचा त्याचे नाव उच्चारावे लागते. ते मी कधी विचारलेच नव्हते. शिवणघरातल्या बायकांनाही ठाऊक नव्हते. आता रोज संकल्पाच्या संस्कृत वाक्यात मी नावाच्या जागी 'धाकटी' म्हणतो, आणि तिच्यामागोमाग 'थोरली'. शास्त्राला हे चालते की नाही, मी अद्याप पाहिलेले नाही.